बर्फातली नळी: रेनिनच्या एका आकड्यानं चुकवलेलं निदान

अहवालावर रेनिनची, म्हणजे किडनीतून रक्तात येणाऱ्या आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या विकराची, क्रियाशीलता १.६ छापलेली होती. त्या एका आकड्यावर विश्वास ठेवून मी एका विडी कामगार बाईंचे जवळपास तीन महिने वाया घालवले. हे प्रकरण त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. सोलापुरात आणि आसपास रक्तदाबाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी, आणि त्याहून जास्त रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रुग्ण ४१ वर्षांच्या. शहराच्या पूर्व भागात घर, घरात तेलुगू, माझ्याशी बोलताना मराठी. मी त्यांना अक्का म्हणते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तंबाखू स्वतः खात नाहीत, पण दिवसभर तिच्या वासात आणि धुळीत बसतात. फेब्रुवारीत पहिल्यांदा आल्या तेव्हा रक्तदाब १७८/१०८ होता, तोही तीन औषधं चालू असताना: अॅम्लोडिपिन १०, टेल्मिसार्टन ८० आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा मिलिग्रॅम. गोळ्या खरंच घेतात का, हे मी आडून विचारलं. मुलानं रिकाम्या पट्ट्यांची पिशवीच टेबलावर ठेवली.

त्यांची स्वतःची तक्रार मात्र रक्तदाबाची नव्हतीच. "पायात दम नाही मॅडम. बसले की उठवत नाही. रात्री चार-चारदा लघवीला जावं लागतं." पायात गोळे यायचे. आधी कुणी कॅल्शियम दिलं होतं, कुणी बी-बारा. पोटॅशियम तपासलं तर २.९. साधारणपणे ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतं. क्लोरथॅलिडोननं पोटॅशियम उतरतं हे खरं, पण एवढ्या लहान डोसवर, आणि सोबत पोटॅशियम धरून ठेवणारं टेल्मिसार्टन असताना २.९ म्हणजे विचार करायला लावणारी गोष्ट होती. तीन औषधांना न जुमानणारा दाब आणि घसरलेलं पोटॅशियम एकत्र दिसलं की किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीकडे बोट जातं. ही ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक स्वतःच्या मर्जीनं जास्त सोडू लागली, की शरीर मीठ साठवतं आणि लघवीवाटे पोटॅशियम गमावतं. याला प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. तो शोधण्याची पहिली पायरी म्हणजे एकाच वेळच्या रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन मोजून पहिल्याला दुसऱ्यानं भागणं.

हा भागाकार दिसतो सोपा. अंशस्थानी अल्डोस्टेरॉन, छेदस्थानी रेनिन. ग्रंथी मनमानी करत असेल तर अंश मोठा. शरीरात मीठपाणी भरलेलं असल्यामुळे किडनी रेनिन सोडणं जवळपास थांबवते, म्हणून छेद अगदी लहान. नेहमीच्या एककांत गुणोत्तर ३० च्या वर गेलं आणि अल्डोस्टेरॉनही १५ च्या वर असलं, तर संशय पक्का धरतात. छेद लहान असला की त्यातली छोटीशी चूकही उत्तर पार बदलून टाकते. हे गणित मला येत होतं. ती चूक कुठून शिरू शकते, ते मात्र माझ्या ध्यानात नव्हतं.

तयारी मी पुस्तकाप्रमाणे केली. लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोन आणि टेल्मिसार्टन दोन्ही रेनिन वर चढवतात, म्हणून चार आठवडे बंद ठेवली. अॅम्लोडिपिनही थोडं चढवतं, तेही थांबवलं. तोवर दाब आवरायला व्हेरापामिल आणि प्राझोसिन दिलं, कारण त्यांचा रेनिनवर फारसा परिणाम होत नाही. पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन खोटं कमी दिसतं, म्हणून सिरप देऊन ते ४.१ वर आणलं. ते सिरप अक्कांना अजिबात आवडलं नाही, पण त्यांनी एकही डोस चुकवला नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी दहा वाजता, रक्त घेतलं गेलं.

बुधवारी अहवाल आला. अल्डोस्टेरॉन २४, रेनिनची क्रियाशीलता १.६, गुणोत्तर १५. खाली छापलेलं: मर्यादेच्या आत.

मी तो मान्य केला. अल्डोस्टेरॉन २४ असताना रेनिन १.६ म्हणजे किडनी स्वतःच रेनिन सोडते आहे आणि अल्डोस्टेरॉन तिच्या सांगण्यावरून वाढलंय, असा अर्थ मी लावला. चाळिशीच्या बाईत किडनीची धमनी अरुंद झाली असली तर असं होऊ शकतं. सोनोग्राफीनं किडनीच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी केली. धमन्या दोन्ही बाजूंनी मोकळ्या. मग मी पूर्वीची औषधं पुन्हा सुरू केली आणि मीठ अजून कमी करायला सांगितलं. मे महिन्याच्या शेवटी अक्का अंगणात पाणी भरताना खाली बसल्या त्या उठूच शकल्या नाहीत. मुलानं आणि शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातलं. पोटॅशियम २.६. दोन दिवस दवाखान्यात ठेवून हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवत शिरेतून पोटॅशियम द्यावं लागलं.

त्या दोन दिवसांत मी अहवालाकडे पुन्हा पाहिलं आणि ज्या कलेक्शन सेंटरमधून नमुना गेला तिथल्या मुलाला बोलावलं. रागावण्यासाठी नव्हे, नमुन्याचा प्रवास समजून घेण्यासाठी. त्यानं फार काळजीनं आणि थोड्या अभिमानानंही सांगितलं, "मॅडम, ऊन केवढं होतं त्या दिवशी, बेचाळीसच्या वर. आम्ही लगेच रक्त मशीनमध्ये फिरवून वरचं पाणी वेगळं काढलं आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवलं. शनिवारची गाडी चुकली, मग रविवारभर फ्रिजमध्ये. रविवारी रात्री बर्फातच पुण्याला पाठवलं. एक मिनिट गरम होऊ दिलं नाही."

त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दूध, भाजी, इन्सुलिन, सगळं आपण थंड ठेवूनच वाचवतो. रेनिनच्या नमुन्याचं मात्र उलटं असतं. एमडीच्या अभ्यासात मी हे वाचलं होतं, आणि तरी तपासणीच्या चिठ्ठीवर एक ओळही लिहिली नव्हती. त्या मुलाला दोष द्यायचा प्रश्नच नाही. सूचना द्यायचं काम माझं होतं.

किडनी दोन प्रकारचं रेनिन सोडते

आता मूळ विषय. किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो सूक्ष्म गुच्छांना जी बारीक धमनी रक्त पुरवते, तिच्या भिंतीत, गुच्छाच्या अगदी तोंडाशी, काही खास पेशी असतात. रेनिन इथं बनतं. पण बनतं तेव्हा ते कामाचं नसतं. त्याच्या एका टोकाला ४३ अमिनो आम्लांची शेपटी असते, आणि रेनिनच्या ज्या खाचेत कापण्याचं काम होतं, नेमकी ती खाच ही शेपटी झाकून बसते. या झाकलेल्या रूपाला प्रोरेनिन म्हणतात.

अक्कांच्या सुपात तेंदूची पानं कापायची कात्री असते. तिच्या दोन पात्यांमध्ये चिंधी गुंडाळून बांधली तर कात्री कात्रीच राहते, पण पान कापत नाही. प्रोरेनिन तसं. रेनिन म्हणजे चिंधी काढलेली, ३४० अमिनो आम्लांची कात्री. ती एकच गोष्ट कापते: यकृतातून येणारं अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन. त्या कापातून अँजिओटेन्सिन एक मिळतं, त्याचं पुढे, मुख्यतः फुफ्फुसात, अँजिओटेन्सिन दोन होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं.

पेशीत तयार झालेलं प्रोरेनिन दोन वाटांनी बाहेर पडतं. एक वाट साठवणुकीची. प्रोरेनिनचा काही भाग पेशीतल्या दाट कणांमध्ये भरला जातो, आणि तिथंच ४३ अमिनो आम्लांची शेपटी कापली जाते. म्हणजे चालू कात्र्या बरण्यांमध्ये भरून ठेवल्या जातात. बरणी उघडते ती हुकमावर. धमनीतला दाब घसरला, ताणाच्या वेळी जागी होणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेनं पेशीवरच्या बीटा-१ ग्राहीवर टकटक केली, किंवा शेजारच्या नलिकेतल्या मॅक्युला डेन्सा पेशींना मीठ कमी पोचतंय असं कळलं, की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो आणि तयार रेनिन रक्तात येतं. काही मिनिटांत. उठून उभं राहिल्यावर आपल्याला भोवळ येत नाही, त्यातला एक वाटा याचा. शरीरातल्या बहुतेक स्रावी पेशींत कॅल्शियम वाढलं की माल बाहेर पडतो, इथं मात्र कॅल्शियम वाढलं की दार बंद होतं. हा अपवाद मला विद्यार्थिनी असल्यापासून विलक्षण वाटत आलाय.

दुसरी वाट सतत वाहणारी. ज्या प्रोरेनिनची वर्णी कणांमध्ये लागत नाही, ते न कापता, चिंधीसकट, जसं बनेल तसं रक्तात जात राहतं. त्याला हुकूम लागत नाही. दाब अचानक घसरला तरी ते मिनिटांत वाढत नाही. मागणी दिवसेंदिवस टिकली, तर पेशी एकूणच जास्त माल बनवू लागतात आणि मग दोन्ही रूपं वाढतात.

त्यामुळे आपल्या रक्तात प्रोरेनिन हे रेनिनपेक्षा कितीतरी जास्त असतं, साधारण दहापट. दोन्ही किडन्या काढाव्या लागलेल्या माणसांच्या रक्तातून चालू रेनिन जवळपास नाहीसं होतं, प्रोरेनिन मात्र काही प्रमाणात राहतं. अंडाशय, अधिवृक्क ग्रंथी, गर्भाची वार, डोळा असे इतर अवयवही ते बनवतात. पण शेपटी कापून चालू रेनिन रक्तात सोडणं, हे काम व्यवहारात किडनीचंच. गरोदरपणात प्रोरेनिन बरंच वाढलेलं असतं. मधुमेहात डोळ्यांच्या आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडलेल्यांतही ते वाढलेलं आढळतं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण या गोंधळाची मुळं त्यात आहेत. १८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमान यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडला. दाब चढला, आणि त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी रेनिन म्हटलं. मग ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्यानं आवळून रक्तदाब निर्माण करून दाखवला, तेव्हा पुन्हा त्याच्याकडे लक्ष गेलं. निष्क्रिय रूप समोर यायला आणखी बराच काळ लागला. १९७१ मध्ये यूजनी लंबर्स यांनी दाखवलं, की गर्भजल आम्लधर्मी केलं तर त्यातली रेनिनची क्रिया वाढते. म्हणजे तिथं झोपलेलं काहीतरी आधीपासून होतं. त्याच दशकात लक्षात आलं, की नुसतं थंडीत ठेवलेल्या रक्तद्रवातही, म्हणजे रक्त फिरवल्यावर वर राहणाऱ्या पाण्यातही, तेच घडतं.

थंडीत नेमकं काय होतं? बर्फाच्या आसपासच्या तापमानाला, पण गोठलेलं नसताना, प्रोरेनिनची शेपटी खाचेवरून सैल होते. एवढंच असतं तर रक्तद्रव पुन्हा उबदार केल्यावर ती जागेवर बसलीही असती. पण रक्तद्रवात कॅलिक्राइनसारखी प्रथिनं कापणारी इतर विकरं असतात. एरवी त्यांना आवरून धरणारे निरोधक असतात. थंडीत या निरोधकांची पकड ढिली पडते, आणि मोकळी सुटलेली विकरं ती सैल झालेली शेपटी कापून टाकतात. कात्रीतली चिंधी कायमची गेली. प्रयोगशाळेत नंतर नमुना ३७ अंशांवर ठेवून अँजिओटेन्सिन किती बनतं ते मोजतात, तेव्हा या नव्या कात्र्याही कामाला लागतात. किडनीनं कधीच न सोडलेलं चालू रेनिन अहवालात दिसतं.

आता अक्कांच्या भागाकाराकडे परत या. निरोगी माणसात शंभर प्रोरेनिनमागे दहा रेनिन धरा. थंडीत शंभरातले दहा जागे झाले तर रेनिन दुप्पट दिसेल. पण प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझममध्ये चालू रेनिन एक-दोनवर आलेलं असतं, आणि प्रोरेनिन तेवढं खाली जात नाही, कारण त्याची वाट वेगळी. मग तेच दहा जागे झाले की एकाचे अकरा होतात. ज्या रुग्णात हे निदान शोधायचं, त्याच रुग्णात थंडीची चूक सर्वात मोठी. आणि चूक होते ती दिलासा देणाऱ्या बाजूनं: गुणोत्तर खाली येतं, कागदावर 'मर्यादेच्या आत' छापलं जातं, आणि डॉक्टर दुसरीकडे शोधू लागतो.

दुसरा नमुना, दोन भागांत

प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा माझ्यासमोर आणखी एक शक्यता होती, आणि तीही माझीच. पहिल्या तपासणीच्या आधी मी अक्कांना मीठ कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. लोणचं बंद, पापड बंद, आणि सोलापूरकरांना सर्वात अवघड ते म्हणजे शेंगदाण्याची चटणी बंद. नुसती ज्वारीची भाकरी आणि अळणी वरण. मीठ तोडलं की किडनी रेनिन सोडते. मग १.६ हा आकडा बर्फाचा की अळणी जेवणाचा? या प्रश्नाचं उत्तर न शोधता नुसता दुसरा नमुना पाठवला असता तर निदान कदाचित झालं असतं, पण चूक कुठं झाली ते कळलं नसतं, आणि पुढच्या रुग्णाला तीच चूक भोवली असती.

जूनमध्ये पुन्हा चार आठवडे औषधं बदलली. या वेळी अक्कांना नेहमीसारखं जेवायला सांगितलं. चटणी परत मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. पोटॅशियम दर आठवड्याला तपासत ४ च्या वर ठेवलं. रक्त सोलापुरात घेऊन पाठवण्याऐवजी त्यांनाच पुण्याला पाठवायचं ठरलं. 'खोलीच्या तापमानाला ठेवा' ही सूचना ज्या खोलीचा विचार करून लिहिलेली असते ती वीस-पंचवीस अंशांची असते. आपल्याकडे पत्र्याखालची खोली दुपारी अडतीसवर जाते, आणि तेवढ्या उष्णतेत नळीतच अँजिओटेन्सिन बनायला लागतं. त्यामुळे नमुना नुसता बर्फाबाहेर ठेवून भागत नाही. वातानुकूलित खोलीत तो लवकर फिरवायचा, आणि रक्तद्रव लगेच पूर्ण गोठवून टाकायचा. गोठलेल्या रक्तद्रवात ही गडबड थांबते. धोका असतो तो द्रव असताना थंडीत रेंगाळण्याचा, आणि नंतर हळूहळू वितळण्याचाही. म्हणून वितळवतानाही ते पटकन खोलीच्या तापमानाला आणायचं असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मायलेक हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाची ही पहाटेची गाडी. या तपासणीसाठी रुग्ण उठून किमान दोन तास झालेले असावेत, तो त्या वेळात बसलेला किंवा हिंडता-फिरता असावा, आणि रक्त घेण्याआधी पाच-पंधरा मिनिटं शांत बसलेला असावा. पहिल्या दोन अटी गाडीनंच पूर्ण केल्या. तिसरी प्रयोगशाळेच्या बाकावर.

तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंशी मी आधी फोनवर बोलले होते. त्यांनी एक गोष्ट आनंदानं मान्य केली: जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रक्तद्रवाचे दोन भाग करायचे. एक भाग काही मिनिटांत गोठवायचा. दुसरा, आमच्या शनिवारच्या नमुन्यासारखा, दोन रात्री फ्रिजमध्ये चार अंशांवर द्रव ठेवायचा. मग दोन्ही एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं मोजायचे. रक्त तेच, जेवण तेच, औषधं तीच. फरक फक्त थंडीचा.

अल्डोस्टेरॉन २६ आलं. लगेच गोठवलेल्या भागात रेनिनची क्रियाशीलता ०.३, म्हणजे गुणोत्तर ८७ च्या आसपास. फ्रिजमध्ये राहिलेल्या भागात १.४, गुणोत्तर १९ च्या खाली. एकाच बाईचं, एकाच क्षणी काढलेलं रक्त. एका भागावरून निदान समोर उभं राहतं, दुसऱ्यावरून ते हातातून निसटतं. अळणी जेवणाचा पहिल्या वेळी काही वाटा असेलही, पण इथं जेवण नेहमीचं होतं आणि तरी आकडा जवळपास तिथंच पोचला. मला त्यानंतर शंका राहिली नाही.

पुढचं थोडक्यात. खात्री करण्यासाठी सोलापुरातच चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन पुन्हा मोजलं. निरोगी माणसात एवढं मीठपाणी गेल्यावर ते चांगलंच उतरतं. अक्कांचं १६ वर अडून राहिलं. १० च्या वर राहणं म्हणजे ग्रंथी कुणाचं ऐकत नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या अधिवृक्क ग्रंथीत १४ मिलिमीटरची गाठ दिसली. पण पस्तिशीच्या पुढे अशा निरुपद्रवी गाठी इतरांतही सापडतात, त्यामुळे नुसत्या गाठीवरून शस्त्रक्रिया करत नाहीत. आधी दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधून वेगवेगळं रक्त घेऊन अल्डोस्टेरॉन खरंच एकाच बाजूनं येतंय का ते पाहावं लागतं. ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते. उजवीकडची शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे ती सापडणं कठीण. निदान एकाच बाजूचं निघालं तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढता येते आणि पोटॅशियमचा त्रास बहुतेकदा संपतोच. हे सगळं मी अक्कांना दोनदा समजावलं. त्यांनी मुलाशी तेलुगूत बरंच बोलून घेतलं आणि मला म्हणाल्या, "आत्ता गोळ्यांनी बघू मॅडम. ऑपरेशनचं नाही म्हणत नाही, पण यंदा नाही." तो त्यांचा निर्णय आहे आणि विचार करून घेतलेला आहे. दरवाजा उघडा ठेवलाय.

ऑगस्टमध्ये स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम सुरू केलं, पुढे ५०. हे औषध अल्डोस्टेरॉनचीच जागा अडवतं. व्हेरापामिल आणि प्राझोसिन थांबवलं, अॅम्लोडिपिन पाचवर आणलं. सिरप तर दुसऱ्याच आठवड्यात बंद झालं. दिवाळीच्या आधी अक्का जिना चढून आल्या, माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. रात्री एकदाच उठावं लागतं म्हणाल्या.

कलेक्शन सेंटरच्या त्या मुलानं स्वतःहून एक काम केलं. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: 'रेनिन: इथं ठेवू नये.' खाली बारीक अक्षरांत त्याची पद्धत: जांभळी नळी, एसीच्या खोलीत फिरवायची, वरचा द्रव काढून लगेच डीप फ्रीझरमध्ये, गोठलेलाच पाठवायचा, शनिवारी घ्यायचा नाही. माझ्या चिठ्ठीवरही आता हीच सूचना छापलेली असते. गरोदर बाई किंवा जुना मधुमेही असेल तर मी फोनही करते, कारण त्यांच्या रक्तात जागं होण्यासारखं प्रोरेनिन मुळातच जास्त असतं.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, अक्का तपासणीला आल्या. रक्तदाब १३२/८४, पोटॅशियम ४.४. स्पायरोनोलॅक्टोनचा डोस पुरेसा आहे का, हे समजायचा एक मार्ग म्हणजे दबलेलं रेनिन पुन्हा वर येतंय का ते पाहणं: अल्डोस्टेरॉनची पकड सुटली की मीठपाण्याचा भार उतरतो, आणि किडनीच्या त्या पेशी पुन्हा आपल्या बरण्या उघडू लागतात. थंडीचे दिवस होते, तरी नमुना त्या मुलानं खोलीतच फिरवला, लगेच गोठवला आणि गोठलेलाच पाठवला. रेनिनची क्रियाशीलता १.३ आली. जुलैत फ्रिजमधल्या नळीनं दाखवला होता जवळपास तेवढाच आकडा. या वेळी तो अक्कांच्या किडनीनं सोडलेला होता.